प्लेगच्या मुंबईतला हिशेब

१८९६ च्या ऑक्टोबरात भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये वाल्देमार हाफकिन यांना जागा मिळाली ती एवढीच: पेटिट प्रयोगशाळेतली एक खोली आणि तिच्या बाहेरचा बोळ. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांना प्लेगवर लस शोधायची होती, आणि शहर तर रोज रिकामे होत होते.

मांडवीच्या धान्याच्या वखारींमध्ये त्या पावसाळ्यात उंदीर पडू लागले होते. मग गोदीजवळच्या चाळींत माणसे तापाने फणफणू लागली, जांघेत किंवा काखेत गाठ यायची आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचे. २३ सप्टेंबरला डॉ. अकासियो गॅब्रियल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे उघडपणे सांगितले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मांडवी भागात त्यांचा दवाखाना होता आणि ते महापालिकेचे सभासदही होते. मुंबई हे व्यापाराचे बंदर. प्लेगचे नाव घेतले की जगभरची बंदरे मुंबईच्या जहाजांना दार लावणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून पुष्कळांना हे निदान नको होते. व्हिएगस हटले नाहीत. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. धोबीतलावाच्या गर्दीत त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, याचे वाईट वाटते.

हाफकिन तोवर कलकत्त्यात होते. १८६० साली ओडेसाला जन्मलेला हा ज्यू शास्त्रज्ञ प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफचा विद्यार्थी. रशियात ज्यू माणसाला प्राध्यापकीची वाट बंद होती. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना पहिली जागा मिळाली तीही ग्रंथपालाच्या मदतनिसाची. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढच्या वर्षी ते हिंदुस्थानात आले.

कलकत्त्याच्या कट्टलबागान वस्तीत १८९४ मध्ये त्यांच्या हाती एक गोष्ट लागली, आणि पुढच्या सगळ्या कामाचे मूळ मला त्या गोष्टीत दिसते. वस्तीत सुमारे २०० माणसे होती, त्यांतल्या ११६ जणांनी लस घेतली. नंतर त्याच वस्तीत कॉलऱ्याचे ९ रुग्ण झाले आणि ७ दगावले. सगळेच्या सगळे न टोचलेल्यांपैकी होते. तेच पाणी, तीच गटारे, तोच महिना; फरक एका टोचणीचा. लस चालते की नाही हे ठरवायचे तर टोचलेली आणि न टोचलेली माणसे एकाच छपराखाली, एकाच संकटात असायला हवीत, हे हाफकिन यांच्या मनात तेव्हापासून पक्के बसले. आज हे सर्वांना सहज पटते. त्या काळी एखादा नामांकित डॉक्टर ‘माझे इतके रुग्ण बरे झाले’ म्हणाला की तो पुरावा मानला जाई.

प्लेगचा जंतू माहीत होऊन दोनच वर्षे झाली होती. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांद्र येर्सेन आणि किटासाटो यांनी तो जवळपास एकाच वेळी शोधला. हा जंतू प्रयोगशाळेत भरपूर वाढवणे हे पहिले काम होते. युरोपात जंतू वाढवायला गोमांसाचा रस्सा वापरत. ते इथे चालण्यासारखे नव्हते आणि डुकराचे नावही काढता येत नव्हते. हाफकिन यांनी बोकडाचे मटण आम्लात विरघळवून त्याचा रस्सा केला, काचेच्या मोठ्या फ्लास्कांत भरला आणि वर तुपाचे थेंब सोडले. तूप तरंगते. त्याच्या खालच्या बाजूला जंतूंची वाढ धरते आणि रश्श्यात खाली लोंबत जाते, गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखी. फ्लास्क अजिबात हलवायचे नाहीत. काही दिवसांनी एकदा हलवून सुळके पाडायचे, की तुपाखाली नवे धरतात. इतर जंतूंची वाढ सहसा अशी लोंबत नाही, त्यामुळे फ्लास्कात भलताच जंतू शिरला असेल तर नुसत्या नजरेला कळे. पाच-सहा आठवडे हे चाले. मग सगळे सुमारे ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि वर थोडे जंतुनाशक कार्बोलिक ॲसिड घालायचे. मेलेले जंतू आणि त्यांनी रश्श्यात सोडलेले विष, दोन्ही लसीत हवेत असे हाफकिन यांचे मत होते: जंतूंमुळे रोग होण्याचे टळावे आणि विषामुळे रोग झाला तरी माणूस वाचावे.

कामाचा ताण भयंकर होता. एक सहायक मनाने कोलमडला, दोघे सोडून गेले. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, तीही १० घन सेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या तिपटीहून जास्त. ताप चढला, दंड दुखला, पण ते कामावर येत राहिले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले आणि जवळजवळ निम्म्यांनी लस घेतली. पुढच्या दिवसांत न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मेले कोणीच नाही. तुरुंग ही अशा तुलनेसाठी नेमकी जागा होती: एकच भिंत, एकच अन्न, एकच दिनक्रम. पण कैद्याच्या ‘हो’ला किती स्वातंत्र्य असते हा प्रश्नही त्या भिंतींच्या आतच होता. त्या कैद्यांची नावे कुठल्या चौकात कोरलेली नाहीत. प्लेगची लस माणसाला वाचवते हे जगाला पहिल्यांदा कळले ते त्यांच्या दंडांवरून, आणि हे ऋण मोठे आहे.

बाहेर मात्र शहराचा कोणावरही भरवसा उरला नव्हता. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळपास निम्मी मुंबई गाव गाठायला निघून गेली. त्याच फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. घरात शिरून तपासणी, माणसे उचलून इस्पितळात, सामानाची होळी. इस्पितळात गेलेला परत येत नाही, तिथे माणसांची मोमियाई, म्हणजे अंगातला औषधी अर्क, काढतात, राणीच्या पुतळ्याला डांबर फासले म्हणून तिने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, अशा वावड्या उठत. २९ ऑक्टोबर १८९६ ला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथीच्या इस्पितळावर हल्ला केला होता. पुण्यात तर प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरांच्या झडतीत जे केले आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँडवर जो हल्ला झाला ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्या वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही.

सरकारच्या हातून आलेली सुई अशा दिवसांत कोण टोचून घेणार? लस सक्तीची नव्हती, हे चांगलेच झाले. लोकांनी ती घेतली ती ओळखीच्या माणसांकडे पाहून. विशीच्या उंबरठ्यावरचे आगाखान, सुलतान महंमद शाह, यांनी आपल्या जमातीसमोर स्वतः लस घेतली आणि खुश्रू लॉज ही आपली जागा हाफकिन यांच्या कामासाठी दिली. मग हजारो खोजे पुढे आले. व्हिएगस यांनीही अनेकांना स्वतःच्या हाताने टोचले.

हाफकिन आणखी पुराव्याच्या मागे होते. पोर्तुगीज दमणमध्ये १८९७ साली प्लेग आला. जमिनीवरची सरहद्द बंद असल्याने लोक पळू शकत नव्हते, म्हणजे मेलेले-जगलेले सगळे मोजता येत होते. खालच्या दमणमध्ये लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ मेले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ मेले. चारात एक. हे आकडे वाचताना दमणच्या त्या गल्ल्यांमध्ये एका उन्हाळ्यात काय झाले असेल, याचा विचार मनातून जात नाही.

तरीही शंकेला जागा होती. लस घेणारे सुशिक्षित, स्वच्छ घरात राहणारे; न घेणारे गरीब. फरक लसीचा की घराचा? याचे उत्तर बडोद्याजवळच्या उंढेरा या गावाने दिले. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथे प्लेग असताना हाफकिन बडोदे संस्थानच्या अधिकाऱ्यांसह गेले. घरोघरची माणसे बाहेर उभी केली आणि प्रत्येक कुटुंबाचे दोन भाग केले, शक्यतो वय, स्त्री-पुरुष, प्रकृती सारखी ठेवून. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. सहा आठवड्यांनी पाहिले. ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला त्यांतल्या न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग झाला आणि २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना झाला आणि ३ मेले.

एकाच चुलीवर जेवणारी, एकाच ओसरीवर झोपणारी भावंडे. उंढेऱ्याइतका चोख पुरावा त्या काळात दुसऱ्या कुठल्या लसीजवळ असेल असे मला वाटत नाही. तो मिळवण्यासाठी अर्धे गाव उघडे ठेवावे लागले, हे मात्र आजच्या कुठल्याही नीतीसमितीला मान्य होणार नाही. हाफकिन यांना लसीविषयी जी खात्री होती ती पाहता त्या न टोचलेल्यांकडे पाठ फिरवून परतताना त्यांच्या मनात काय आले असेल?

लस निरोगी माणसासाठी. आजारी पडलेल्याचे काय? त्यासाठी दुसरी वाट होती, आणि तिचीही परीक्षा मुंबईतच झाली. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवून दिले होते की घटसर्प किंवा धनुर्वाताचे विष थोडे थोडे पचवलेल्या जनावराच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्याला टोचला तर त्याचेही रक्षण होते. त्या सीरममध्ये असतात ती प्रतिपिंडे. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे करायला शिकवते, त्याला दिवस लागतात. सीरम ती तयार आणून देते, पण ती थोड्याच दिवसांत संपतात. घटसर्पावर घोड्याच्या सीरमने युरोपात लहान मुले वाचत होती. प्लेगवर का नाही?

येर्सेन यांनी पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या सहकाऱ्यांबरोबर तसे सीरम केले आणि १८९६ साली चीनमधल्या कँटन आणि अमॉय इथे दिले. २६ रुग्णांपैकी दोघेच दगावले. ते मार्च १८९७ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांच्याविषयी अपेक्षा मोठी होती. ती फोल ठरली. घोड्याच्या रक्तात पुरेशी प्रतिपिंडे यायला महिनोनमहिने लागतात. घाईत काढलेले सीरम कमजोर होते. शिवाय इस्पितळाची धास्ती एवढी की रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, गळून गेल्यावर आणले जात. तोवर जंतू रक्तभर पसरलेले असत. येर्सेन काही महिन्यांत परतले. त्यांच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँ यांनी पुढच्या वर्षी कराचीत प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो हे दाखवले. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

मग फ्लोरेन्सचे प्राध्यापक लुस्टिग आपले सहकारी गालेओत्ती यांच्यासह दुसऱ्या पद्धतीचे सीरम घेऊन आले. त्याची परीक्षा आर्थर रोड इस्पितळात झाली आणि ती घेणारे होते डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले हे पारशी डॉक्टर त्या इस्पितळाचे प्रमुख होते. जमावाने हल्ला केला तेच हे इस्पितळ. पहिल्या फेरीत सीरमचे आकडे चांगले आले, पण आक्षेप असा की बरे होण्याजोगे रुग्ण निवडून त्यांनाच ते दिले जाते. आक्षेप रास्त होता. मरणाच्या दारातल्या माणसाला महागडे औषध देण्यात अर्थ नाही असे डॉक्टरला वाटणे स्वाभाविक आहे, आणि तिथेच हिशेब बिघडतो. चोक्सी यांनी निवड स्वतःच्या हातातून काढून टाकली. येतील त्या क्रमाने एका रुग्णाला सीरम द्यायचे, पुढच्याला नाही, त्याच्या पुढच्याला द्यायचे. एकाआड एक. सीरम घेतलेल्यांत मृत्यू थोडे कमी झाले, पण दोन्ही रांगांत निम्म्याहून अधिक माणसे गेली. आणि तसेच ते मांडले गेले.

जवळपास त्याच वर्षांत कोपनहेगनमध्ये योहानेस फिबिगर यांनी घटसर्पाचे सीरम एक दिवसाआड दाखल होणाऱ्या रुग्णांना देऊन पाहिले. वैद्यकाच्या इतिहासात फिबिगर यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. आर्थर रोडवर, बाहेर दगडफेक करणारा जमाव आणि आत रोज प्रेते, अशा जागी ज्यांनी तितकीच शिस्त पाळली ते चोक्सी मात्र आपल्याकडेही कोणाला आठवत नाहीत. आपण बांधलेली आशा खोटी ठरली तरी आकडा लिहून ठेवायचा, यासाठी लागणारा प्रामाणिकपणा मला लस शोधण्याइतकाच मोठा वाटतो.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा उघडली. जिथे गव्हर्नरांच्या मेजवान्या होत तिथे आता तूप घातलेल्या रश्श्याच्या फ्लास्कांच्या रांगा लागल्या. एडिनबरोचे प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग आयोगाने सगळे तपासले. लस उपयोगी आहे असा निर्वाळा दिला, पण प्रत्येक बाटलीतली ताकद सारखी नसते, ती मोजण्याची नीट रीत नाही असेही म्हटले. ती टीका खरी होती. सिमाँ यांचे पिसवांचे मत मात्र आयोगाने उडवून लावले. ती चूक सुधारायला पुढे परळमध्येच काम करणारे ग्लेन लिस्टन यावे लागले.

प्लेग पंजाबात पोहोचला आणि १९०२ मध्ये तिथल्या सरकारने प्रचंड प्रमाणावर टोचणीची योजना आखली. तूप-रश्श्याची रीत त्यासाठी फार संथ होती. हाफकिन यांनी अगारवर जंतू वाढवण्याची जलद रीत घेतली आणि तीत कार्बोलिक ॲसिड वगळले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये नुसत्या उष्णतेवर भरवसा ठेवत, तसा त्यांनी ठेवला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना टोचले. पाच बाटल्या वापरल्या. त्यांतल्या ५३-एन या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना लस मिळाली त्या सगळ्यांना आठवड्याभरात धनुर्वात झाला. एकोणीसही मेले.

चौकशी आयोग बसला, अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स. बाटली परळमध्येच दूषित झाली असावी असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि बोट कार्बोलिक वगळण्याकडे दाखवले. हाफकिन यांना दूर करण्यात आले. ते इंग्लंडला गेले ते बदनाम होऊन.

कागदपत्रे पुढे छापून आली तेव्हा वेगळेच चित्र दिसले. टोचणीच्या सकाळी मलकोवालमध्ये मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत न धरता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून त्यानेच बाटलीचे बूच उघडले होते. बाटली आधी काही आठवडे दूषित असती तर उघडताच घाण सुटली असती, पण डॉक्टरांना वास आला नव्हता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे त्या काळच्या कोणत्याही वैद्यकीय विद्यार्थ्याला माहीत होते. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण नेटाने हाती घेतले. २९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र आले, आणि वर्षअखेरीस हाफकिन यांना पुन्हा नोकरी देऊ केली गेली.

या माणसाने दहा वर्षे एकच आग्रह धरला होता: मत नको, तुलना करा. त्याच दिवशी, त्याच गावात, चार इतर बाटल्यांतून ८८ जणांना लस मिळाली होती आणि त्यांतल्या एकालाही धनुर्वात झाला नव्हता. त्याच रीतीने केलेली लस इतरत्रही दिली गेली होती. ही तुलना आयोगासमोर उघडी पडलेली होती. ती तशी मांडली गेली नाही, आणि तोवर एका शास्त्रज्ञाची ऐन कामाची वर्षे गेली. तो ज्यू होता, परदेशी होता आणि वैद्यकाची पदवी नसतानाही लष्करी डॉक्टरांच्या सेवेत वरच्या जागी बसला होता, हे सगळे त्याच्याविरुद्ध गेले असे मानायला जागा आहे. त्या १९ जणांच्या घरी मात्र दोष कोणाचा हे ठरल्याने काही परत आले नाही, हेही विसरता येत नाही.

हाफकिन कलकत्त्याला परतले, पण माणसांवर चाचण्या घेण्याची मोकळीक त्यांना पुन्हा मिळाली नाही. नोकरी संपवून ते युरोपात गेले आणि १९३० साली लोझानला वारले. प्लेगने तोवर हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली होती. पुढे सल्फा औषधे आणि स्ट्रेप्टोमायसिन आले आणि प्लेगच्या रुग्णाला घोड्याच्या सीरमची गरज उरली नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेग पुन्हा दिसला तेव्हा प्रतिजैविकांनीच तो आवरला. सीरमची वाट मात्र बंद झाली नाही. सर्पदंशावर आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर हाफकिनच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत घोड्यांच्या रक्तापासूनच औषध तयार होत आले आहे.

परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये, तिथले संचालक कर्नल मॅकी यांच्या सूचनेवरून. १८९७ पासून त्या वर्षापर्यंत मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या.